पाते थांबेपर्यंत

१० मार्च २०१८ रोजी भारतीय तटरक्षक दलाचे एक चेतक हेलिकॉप्टर नेहमीच्या गस्तीवर असताना रायगड जिल्ह्यात मुरूडजवळच्या नांदगावच्या किनाऱ्यावर तातडीने उतरवावे लागले. आत चौघे होते. उतरताना यंत्राची मोडतोड झाली, पण चौघेही जिवंत होते. गोष्ट येथे संपली असती तर वर्तमानपत्रांनी ‘सर्व सुखरूप’ असा मथळा देऊन ती आतल्या पानावर टाकली असती आणि आपण ती विसरूनही गेलो असतो. ती तेथे संपली नाही. हेलिकॉप्टरमधून बाहेर पडत असताना, अजून पुरते न थांबलेल्या मुख्य पात्याचा आघात सहवैमानिक, सहायक कमांडंट पेनी चौधरी यांच्या डोक्यावर झाला. सतरा दिवसांनी, २७ मार्च रोजी, उपचार चालू असतानाच त्यांचे निधन झाले.

या घटनेत आम्हांला अस्वस्थ करते ते तिचे व्याकरण. आकाशातून कोसळणे म्हणजे मृत्यू आणि जमिनीला पाय लागणे म्हणजे सुटका, अशी आपल्या मनातल्या अपघातकथेची रचना असते. येथे ही रचनाच उलटी झाली. संकट हवेत आले, ते हवेतच निभावले गेले आणि मृत्यू जमिनीवर, सुटकेनंतर आला. एका विलक्षण योगायोगाची गोष्ट म्हणून आपण ती बाजूला ठेवू शकलो असतो. परंतु हेलिकॉप्टर चालवायला माणसाने कसे शिकून घेतले आणि शिकता शिकता तो कसकसा मेला, हा इतिहास वाचू लागल्यावर नांदगावची घटना अपवाद वाटेनाशी होते. या यंत्राचे सारे शिक्षण शेवटच्या काही सेकंदांभोवती रचलेले आहे, आणि धोका टळला असे वाटते तेथे तो पुष्कळदा टळलेला नसतो. प्रस्तुत लेखात हाच धागा धरून जाण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम किनाऱ्याविषयी. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्ट्यात हेलिकॉप्टर ही परकी वस्तू उरलेली नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या नदीत गेल्या. त्यानंतर कित्येक दिवस नदीच्या पात्रावरून खाडीपर्यंत हेलिकॉप्टरे शोध घेत होती. १७ जून २०२१ रोजी रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे जहाज बुडू लागले, तेव्हा त्यावरील सोळाच्या सोळा खलाशांना तटरक्षक दलाने वाचविले. त्यांतल्या काहींना चेतकने वर उचलून घेतले होते. किनाऱ्यावर उभा राहून वर पाहणाऱ्या माणसाला हे यंत्र तारणहारासारखे दिसले तर नवल नाही. मात्र खवळलेल्या समुद्रावर, हलत्या जहाजाच्या माथ्यावर एका जागी स्थिर राहणारा तो हात कसा तयार झाला, हे किनाऱ्यावरून दिसत नाही. तो हात कोणे एके काळी थरथरणारा विद्यार्थ्याचा हात होता. बचावाची कथा आपण सांगतो, तिच्यामागची तालीम मात्र सांगायची राहून जाते.

हेलिकॉप्टर या शब्दाचीच गंमत पाहा. १८६० च्या सुमारास फ्रेंच संशोधक पाँतों दामेकूर याने ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख हे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडविला. आपण, आणि जगातले इतर लोकही, तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा चुकीच्या जागी तोडतो. ‘हेलिपॅड’ हा शब्द त्या चुकीतूनच जन्माला आला. पंख तोडून टाकणारी ही फोड अजाणता खरेच सांगते, कारण या यंत्राला नेहमीच्या अर्थाने पंख नसतातच. विमानाचे पंख स्थिर असतात आणि विमान पुढे जात राहिले की हवा त्यांना उचलून धरते. हेलिकॉप्टरमध्ये पंखच फिरतो. तो फिरायचा थांबला की आधार संपला.

म्हणून या विद्येत विद्यार्थ्याची पहिली परीक्षा उंच उडण्याची नसते. जमिनीपासून हातभर वर, एका जागी तरंगत राहणे हीच ती परीक्षा. डाव्या हातातला दांडा सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून यंत्र वर-खाली नेतो, उजव्या हातातला दांडा ते मागेपुढे वा आडवे झुकवितो आणि दोन्ही पाय शेपटीचा पंखा सांभाळतात. यांतले एकही सुटे नाही. डावा हात वर उचलला की नाक वळू लागते. ते पायाने सावरावे तर यंत्र बाजूला सरकते. ते उजव्या हाताने आवरावे तर उंची ढळते. शिक्षक म्हणून पुष्कळ वेळा एका वेळी एकच गोष्ट विद्यार्थ्याच्या हाती देतात. नवशिक्या हाताचा ठरलेला दोष म्हणजे अतिरेक. यंत्र डावीकडे कलले हे लक्षात येईतो उशीर झालेला असतो, मग तो जोराने उजवीकडे ओढतो आणि दोलायमानता वाढतच जाते.

यातून उद्भवणाऱ्या अपघातांपैकी एक तर नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. जमिनीलगत तरंगताना यंत्राचा एक पाय मातीत वा गवतात अडकतो. त्या पायाभोवती यंत्र कलू लागते. एका मर्यादेपलीकडे ते कलले की कोणत्याही उपायाने सावरत नाही आणि पाती जमिनीवर आपटून तुकडे होतात. विद्यार्थ्याची सहजप्रवृत्ती सांगते, संकटातून वर निघा. तो डावा दांडा वर ओढतो आणि त्या वाढलेल्या जोराने यंत्र अधिकच वेगाने उलटते. खरा उपाय त्याच्या उलट, दांडा हलकेच खाली सोडण्याचा. भीतीने सुचविलेला मार्ग आणि बचावाचा मार्ग परस्परविरुद्ध असणे, हे या शिक्षणाचे मर्म आहे. येथे माणसाला नवे कौशल्य द्यायचे असते आणि त्याहीपूर्वी त्याची एक जुनी, जन्मजात सवय मोडायची असते.

आणि ती मोडणारा शिक्षक शेजारी बसलेला असतो. दोघांपुढेही तीच साधने असतात आणि ती एकमेकांना जोडलेली असतात. विद्यार्थ्याने दांडा हलविला की शिक्षकाच्या हाताखालचाही दांडा हलतो. विद्यार्थ्याला चूक करू द्यावी, कारण चुकीखेरीज हात शिकत नाही. पण ती नेमकी कुठवर करू द्यावी? लवकर हात घातला तर विद्यार्थी काहीच शिकत नाही. उशिरा घातला तर दोघेही उरत नाहीत. वर्गात शिकविणाऱ्या आम्हां सर्वांनाच हा प्रश्न ठाऊक आहे. फरक एवढाच, की आमच्या चुकीची वही तपासता येते.

विशेष म्हणजे या विद्येचा एक आद्य विद्यार्थी शिक्षकावाचूनच शिकला. इगोर सिकोर्स्की यांनी आपले व्हीएस-३०० हे यंत्र सप्टेंबर १९३९ मध्ये प्रथम जमिनीवरून उचलले ते दोरखंडांनी खाली बांधून ठेवून, आणि चालविणारेही ते स्वतःच होते. वर्ष संपण्यापूर्वी ते यंत्र एकदा वाऱ्याच्या झोताने उलटून मोडलेही. यंत्र घडविणे आणि ते चालवायला शिकणे या दोन गोष्टी तेथे एकच होत्या.

इंजिन बंद पडले तर काय, हा प्रश्न त्याआधीच एका स्पॅनिश माणसाने सोडविला होता. १९१९ मध्ये हुआन दे ला सिएर्वा याने घडविलेले तीन इंजिनांचे विमान वेग कमी पडल्यामुळे कोसळले. वेग गेला तरी पडणार नाही असे विमान हवे, या ध्यासातून त्याने माथ्यावर मोकळेपणी फिरणारी पाती बसविली आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याचा ऑटोजायरो उडाला. त्याला उमगलेले तत्त्व असे : यंत्र खाली येत असताना पात्यांना योग्य कोन दिला, तर खालून वर घुसणारी हवाच त्यांना फिरवत ठेवते. सह्याद्रीतल्या माधवीलतेचे फळ ज्यांनी गळताना पाहिले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. संस्कृत काव्यात मिरवलेल्या या वेलीच्या फळाला तीन पंख असतात. ते देठापासून सुटले की गरगरत, रेंगाळत खाली येते. चेतकलाही तीनच पाती आहेत. नियतीचा खेळ असा, की हा सिएर्वा डिसेंबर १९३६ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन येथे मेला तो प्रवासी विमानाच्या अपघातात, धुक्यात उड्डाण करताना. त्या विमानाचे पंख जागच्या जागी घट्ट होते.

इंजिन गेल्यावर हवेच्या जोरावर पाती फिरती ठेवून उतरण्याच्या या क्रियेला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि प्रत्येक हेलिकॉप्टर-विद्यार्थ्याला ती शिकावीच लागते. इंजिन गेले की डावा दांडा तत्काळ खाली घालायचा. यंत्र वेगाने खाली येऊ लागते. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग मोडायचा आणि अगदी शेवटी, पात्यांत साठलेली गती एकदाच, हिशेबाने खर्चून अलगद टेकायचे. ही ठेव दुसऱ्यांदा काढता येत नाही. ती दहा फूट आधी खर्चली तर यंत्र आपटते, क्षणभर उशिरा खर्चली तरीही आपटते. साहजिकच हा सराव करताना फार अपघात झाले. ज्या संकटापासून वाचण्यासाठी तालीम, त्या तालमीतच माणसे जखमी होऊ लागली, म्हणून आता पुष्कळ ठिकाणी जमिनीपासून थोडे वर असतानाच इंजिनाचा जोर परत घेऊन सराव आवरता घेतात. तालीम सुरक्षित झाली, हे खरे. पण सर्वांत कठीण शेवटचे दोन सेकंद मग विद्यार्थी कधी शिकणार? तालमीत किती सत्य असू द्यावे, या प्रश्नाचे अंतिम उत्तर कोणत्याही प्रशिक्षणशाळेला सापडलेले नाही.

या प्रश्नाची सर्वांत कडवट आवृत्ती अमेरिकेत लिहिली गेली. फ्रँक रॉबिन्सन यांचे आर-२२ हे दोन आसनी, अवघ्या चारशे किलोंच्या आसपास वजनाचे हेलिकॉप्टर १९७९ मध्ये बाजारात आले. ते खासगी वाहन व्हावे ही त्यांची कल्पना; पण स्वस्त असल्यामुळे ते शाळांनी उचलले आणि ज्या हातांसाठी ते घडविले नव्हते त्या हातांत जाऊन पडले. त्याची पाती हलकी, म्हणून त्यांतली ठेवही तुटपुंजी. इंजिन गेल्यावर दांडा खाली घालायला सेकंद-दीड सेकंदच हाती असे. २९ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील रिचमंडजवळ असेच एक आर-२२ हवेतच मोडून कोसळले आणि शिक्षक व विद्यार्थी दोघेही मरण पावले. त्या दिवशी यंत्रात ध्वनिमुद्रण चालू होते. धडा मागून ऐकता यावा म्हणून. त्या फितीवर धडा आहे, नेहमीचे शांत बोलणे आहे, आणि मग काहीही चाहूल न लागता ते तुटते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या फितीचा विचार केला पाहिजे असे आम्हांला वाटते. अपूर्ण राहिलेल्या संहिता आपण पुष्कळ वाचल्या आहेत, पण त्यांच्या अपूर्णतेला आपण काही ना काही अर्थ देऊ शकतो. या धड्याच्या अपूर्णतेला तसा अर्थ नाही. तिने केले ते निराळेच काम. तोवर अशा अपघातांचे खापर सवयीने मेलेल्यांच्या माथी फुटत असे. येथे मात्र घाबरलेला विद्यार्थी ऐकू येत नव्हता आणि ओरडणारा शिक्षकही नाही. १९९५ मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने आर-२२ आणि आर-४४ यांच्यासाठी खास नियम केला : या यंत्राचे विशिष्ट धोके समजावून दिल्याखेरीज कोणीही त्याच्या साधनांना हात लावायचा नाही आणि शिकविणाऱ्याचा अनुभवही निराळा मोजायचा. १९९६ मध्ये तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा अपघातांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मानवी चूक’ हे दोन शब्द चौकशीच्या अखेरीस लिहिण्याऐवजी आरंभी लिहिले, की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : ही चूक शिकविली कोणी, आणि टाळायची कशी हे शिकविले नाही कोणी? ‘अपघात’ या आपल्या शब्दात ‘घात’ आहे. घात म्हटला की तो करणारा शोधण्याची आपल्याला घाई होते, आणि हाताशी सर्वांत जवळचा सापडतो तो मेलेला वैमानिक.

आपल्याकडे ही विद्या मुख्यतः सैनिकी शाळांत रुजली. वायुदलाचे हैदराबादजवळचे हकीमपेट, नौदलाचा तामिळनाडूतील अरक्कोणमचा राजाली तळ आणि २००३ पासून नाशिकच्या गांधीनगर येथील लष्कराची आर्मी एव्हिएशनची शाळा, ही त्यांतली ठळक नावे. या शाळांतल्या कित्येक पिढ्या चेतकवर आणि त्याच्या लहान भावंडावर, चीतावर, घडल्या. चेतक म्हणजे १९५९ मध्ये प्रथम उडालेले फ्रेंच अलुएत-३. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते बंगळुरात बांधायला घेतले. २ एप्रिल २०२२ रोजी हकीमपेट येथे चेतकच्या साठ वर्षांच्या सेवेचा सोहळा झाला. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करणाऱ्या यंत्राचा गौरव होणे उचितच. परंतु साठ वर्षांची निष्ठा ही घोड्याच्या कथेत जितकी शोभते तितकी एकाच इंजिनावर समुद्रावरून उडणाऱ्या यंत्राच्या बाबतीत शोभत नाही, हेही नोंदविले पाहिजे.

समुद्र हा या शिक्षणाचा निराळाच वर्ग आहे. रायगडच्या किनाऱ्यासमोर, क्षितिजापलीकडे मुंबई हायचे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तेथे तेल लागले आणि त्यामागोमाग माणसांची नित्य हवाई वाहतूक सुरू झाली. ११ ऑगस्ट २००३ रोजी तेलक्षेत्रातील माणसे नेणारे एमआय-१७२ समुद्रात पडून सत्तावीस जण मरण पावले. ४ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पवनहंसचे एक डॉफिन याच तेलक्षेत्रात रात्री उतरण्याचा सराव करीत असताना समुद्रात पडले आणि त्यातील दोन्ही वैमानिक गेले. ते मुरलेले वैमानिक होते. त्या रात्री मात्र ते सरावाला निघाले होते. रात्री समुद्रावर क्षितिज नसते. फलाटाचे दिवे मागे पडले की वर काळोख, खाली काळोख, आणि कानातले तोलाचे इंद्रिय बिनदिक्कत खोटे बोलू लागते. शरीराची साक्ष नाकारून समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवणे हेच तेथे शिकायचे असते, आणि दिवसाउजेडी ते शिकता येत नाही.

समुद्रावर जाणाऱ्यांना आणखी एक धडा असतो. हेलिकॉप्टरचे जड अवयव, इंजिन आणि पाती, माथ्यावर असतात. म्हणून पाण्यात पडताच ते बहुधा उलटे होते. तलावात सोडलेल्या एका पिंजऱ्यात माणसांना पट्टे बांधून बसवितात आणि तो पिंजरा पाण्याखाली उलटा करतात. घाबरलेला माणूस पहिल्या झटक्यालाच पट्टा सोडतो आणि काळोख्या, फिरत्या पाण्यात दिशा हरवून बसतो. शिकविले जाते ते असे : एका हाताने दार वा खिडकीची कड धरून ठेवा, गती पूर्ण थांबू द्या, मगच पट्टा सोडा आणि धरलेल्या कडेच्या दिशेने बाहेर पडा. नाकातोंडात पाणी जात असताना थांबून राहणे! तरंगण्याच्या धड्यात दांडा खाली सोडणे, रात्रीच्या धड्यात शरीराचे न ऐकणे, पाण्याखाली थांबणे. धडे निराळे, पण सूत्र एकच.

आता पुन्हा नांदगावकडे. फिरणारे पाते जितके वेगवान तितके घातक असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. पूर्ण वेगात पाती बाहेरच्या ओढीने ताठ राहतात. वेग मंदावला की ती ओढ जाते, पाती आपल्या वजनाने लवतात आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यासारखा झोत आला तर आणखी खाली येतात. यंत्र कललेले असेल, जमीन चढउताराची असेल, तर एका बाजूला पाते माणसाच्या डोक्याइतके खाली येऊ शकते. जे हळू झाले आहे तेच अशा वेळी अधिक जवळ आलेले असते. म्हणून पाती पूर्ण थांबेपर्यंत जागचे हलू नये, हा धडा आहे. पण मोडलेल्या यंत्रात इंधन असते, आगीची भीती असते, आणि शक्य तितक्या लवकर दूर जावे हाही तितकाच खरा धडा आहे. दोन खरे धडे एका क्षणी एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर कोणता ऐकावा, हे कोणत्या पाठ्यपुस्तकाने सांगावे? त्या क्षणी तेथे जे घडले त्याचा न्याय करण्याचा अधिकार किनाऱ्यावर बसून लिहिणाऱ्या आम्हांला नाही. एवढेच म्हणता येईल, की चेतक केवळ हवेत असतानाच धोक्याचे असते हा समज खोटा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या नौदल तळावर चेतकची जमिनीवर तपासणी चालू असताना अपघात झाला आणि नौदलाचा एक तंत्रज्ञ मरण पावला. त्या वेळी तर उड्डाणही झाले नव्हते.

आज विद्यार्थ्यांना शिकविल्या जाणाऱ्या नियमांपैकी किती नियम कोणाच्या ना कोणाच्या मृत्यूनंतर लिहिले गेले असतील! नियमांच्या पुस्तकात ती नावे नसतात. तेथे फक्त आज्ञार्थी क्रियापदे असतात : थांबा, वाकून चला, पुढून या, शेपटीकडे जाऊ नका. साहित्याच्या माणसांनी आज्ञार्थ कोरडा समजू नये. या आज्ञार्थांच्या मागे कर्ता होता, त्याला नाव होते, त्याचा एक धडा अर्धा राहिला होता. रेवदंड्याच्या त्या सोळा खलाशांपैकी काहींना वर उचलून घेणाऱ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला असे किती अर्धे धडे बांधलेले होते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

मुरूड-नांदगावच्या वाटेवर आजही एखादे हेलिकॉप्टर किनाऱ्याला समांतर जाताना दिसते. वाळूवरची पोरे हात हलवितात. ते दिसेनासे होईपर्यंत आपण पाहतो आणि मग नजर खाली वळवितो. ‘सुखरूप’ हा शब्द मात्र त्यानंतरचा आहे : ते कुठेतरी उतरल्यावर, आवाज विरल्यावर, शेवटचे पाते थांबल्यावर उच्चारायचा.